नवी हार्डडिस्क आणि प्रमुख उपस्थिती

शेवगावच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो नवऱ्याच्या कल्पनेतून. तो हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि त्याच्या मते बायकोने घरबसल्या काहीतरी करावं. घरबसल्या म्हणजे स्वयंपाक, पाणी, सासूबाईंचं पथ्य आणि पाहुणे यांतून उरलेल्या वेळात. मी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातली, भात खाऊन वाढलेली. लग्नाआधी नगरला मावशीकडे राहून डीटीपीचा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर रस्त्याकडच्या खोलीत टेबल पडलं, प्रिंटर आला, दारावर बोर्ड लागला. बोर्डावर प्रोप्रायटर म्हणून नाव सासऱ्यांचं. त्यांनी कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नाही, पण बोर्ड मात्र रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचे.

काम बहुतेक लग्नपत्रिकांचं. मी मजकूर जुळवायचा, बटरपेपरवर प्रिंट काढायची, छपाई मागच्या गल्लीतल्या प्रेसवर व्हायची. आमच्या भागातली पत्रिका बाहेरच्या माणसाच्या हातात दिली तर लग्न नक्की कुणाचं आहे हे शोधायला त्याला वेळ लागेल. वर गणपती आणि कुलदैवत, मग दोन ओळींत नवरा-नवरी, मग निमंत्रक, भावकी, मामा मंडळी, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा मजकूर म्हणजे 'प्रमुख उपस्थिती'. आमदार, माजी आमदार, सभापती, उपसभापती, संचालक, माजी संचालक, सरपंच. कोण कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली, यावरून माणसं माझ्या टेबलाशी उभं राहून भांडायची. नवरीचं नाव वर की खाली यावरून कधी कुणी भांडलं नाही.

तालुक्यात तेव्हा दोन गट होते. एकाला जुना म्हणत, दुसऱ्याला नवा. जुन्याचा पुढारी आणि नव्याचा पुढारी एकमेकांचे चुलतभाऊ. दोन्हीकडच्या मुली एकमेकांच्या सोयऱ्यांत दिलेल्या, त्यामुळे आडनावंही दोन्ही यादीत तीच ती. जिल्ह्याचे दोन-तीन बडे नेते तर दोन्ही याद्यांत पहिल्याच ओळीत असायचे, कारण त्यांना वगळायची कुणाचीच छाती नव्हती. परक्या तालुक्यातून आलेल्या मला त्यातला फरक कळायचा नाही आणि खरं सांगायचं तर कळून घ्यावासाही वाटायचा नाही. मी दोन याद्या तयारच करून ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, जुना की नवा, आणि ती यादी पत्रिकेत चिकटवून द्यायची. डाळीला फोडणी द्यावी तसं.

फायलींना मी ऐसपैस नावं द्यायची, इंग्रजी अक्षरांत पण मराठीच. लग्नपत्रिका, मग गाव, मग मुलाच्या वडिलांचं नाव. याद्यांचीही तशीच: प्रमुख उपस्थिती जुना गट, प्रमुख उपस्थिती नवा गट. नव्या विंडोजमध्ये अशी वाक्यासारखी नावं चालायची आणि मला ते फार आवडायचं. घरातली तेवढी एकच जागा होती जिथे मी म्हणेन ते नाव ठेवलं जायचं.

पुढे ऐन हंगामात हार्डडिस्क भरली. गणपतींच्या चित्रांनीच निम्मी जागा खाल्ली होती. एखादी पत्रिका सेव्ह करायला गेलं की जागा नाही अशी पाटी यायची, मग मी एखादा गणपती पुसायची. नवऱ्याच्या कानावर घातलं तेव्हा त्याने भूगोलाच्या मास्तराला शोभेल असा उपाय सांगितला, मोठी जागा घेऊ या. आणि ते काम करणार कोण, तर दीर.

माझा दीर पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियर होता, निदान सासूबाईंच्या तोंडी तरी. तो नेमकं काय करतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारायची पद्धतही नव्हती. तो एका शनिवारी सकाळच्या एसटीने आला, नवी हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून. ती त्याने पिशवीतून काढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या की एवढीशीच का. त्याने सांगितलं की ही जुनीपेक्षा कितीतरी पट मोठी आहे. सासूबाईंनी डिस्क हातात घेऊन वजन पाहिलं आणि लेकावर विश्वास ठेवला.

मग त्याने कॉम्प्युटर उघडला. स्क्रू ठेवायला वाटी मागितली, नवऱ्याला बॅटरी धरून उभं केलं, सासरे खुर्ची ओढून बसले. शेजारच्या काकूही येऊन गेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला यावं तशा. मी रोज त्या यंत्रावर काम करणारी, म्हणून जवळ जाऊन उभी राहिले, तर तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही चहा टाका. हे जरा टेक्निकल आहे."

मी चहा टाकला. कान मात्र बाहेरच्या खोलीत होता. तो नवऱ्याला समजावत होता की दोन डिस्का एका वायरीवर जोडल्या की एक मास्टर होते आणि दुसरी स्लेव्ह, कोण काय ते ठरवायला मागे एक छोटी पिन असते, जंपर म्हणतात. मास्टर सांगणार, स्लेव्ह ऐकणार. ही व्यवस्था आमच्या घरात आधीपासूनच नीट चालू होती, फक्त तिला बाहेरून दिसेल असा जंपर नव्हता.

विंडोज चालू असताना विंडोजच उचलून दुसरीकडे नेता येत नाही, असं म्हणून त्याने काळ्या पडद्याचं डॉस चालू केलं. पांढरी अक्षरं सरसर वर जायला लागली. सगळे ती अक्षरं बघत बसले, कुणी पोथी ऐकत बसावं तसे. मधेच लाईट गेली. आली तेव्हा त्याने पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चहा झाला. दुपारी कधीतरी काम संपलं आणि नव्या डिस्कवर विंडोज उघडलं, तर खालच्या कोपऱ्यातल्या बटणावर टिचकी मारल्यावर जी यादी वर येते तिच्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. दिराने वाटीतले उरलेले स्क्रू मोजले. मग म्हणाला की हे अपेक्षितच होतं, आणि वरून पुन्हा विंडोज घातलं. त्याने सगळं सुरळीत झालं. त्याने मला बोलावून मोकळी जागा दाखवली, गावाबाहेरचा प्लॉट दाखवावा तशी. "बघा वहिनी, आता कितीही लग्नं लावा."

जुनी डिस्क त्याने लगेच पुसून कोरी केली, कारण पुण्यात त्याच्या मित्राला ती हवी होती. रात्रीच्या जेवणाला मटण झालं. दुसऱ्या दिवशी तो टॉवेलात जुनी डिस्क गुंडाळून परत गेला. सासूबाई स्टँडपर्यंत पोचवायला गेल्या आणि वाटेत भेटेल त्याला त्यांनी सांगितलं की धाकट्याने कॉम्प्युटर वाचवला.

सोमवारी मी बसले तेव्हा कळलं की काय वाचलं. सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. त्यांची नावं मात्र उरली नव्हती. प्रत्येक नावाची पहिली सहा इंग्रजी अक्षरं शिल्लक, पुढे एक वेलांटीसारखी नागमोडी रेघ आणि आकडा. माझी प्रत्येक पत्रिका 'लग्नपत्रिका' या शब्दाने सुरू व्हायची, त्यामुळे सगळी गावं, सगळे बाप पुसले जाऊन उरल्या होत्या एक नंबरची लग्नप, दोन नंबरची लग्नप, तीन नंबरची लग्नप. दोन्ही याद्यांचंही तेच. प्रमुख एक आणि प्रमुख दोन.

स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर जाऊन पुण्याला फोन लावला. दीर अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "काही गेलेलं नाहीये वहिनी, डॉसला लांब नावं कळत नाहीत, एवढंच. फक्त नावं लहान झालीत. माणसं तीच आहेत." एकेक उघडून बघा आणि पुन्हा नाव द्या, किरकोळ काम आहे, असंही सांगितलं. मी विचारलं की जुनी डिस्क परत मिळेल का. तर ती मित्राच्या कॉम्प्युटरात बसूनही गेली होती आणि त्यावर तो कसलासा मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत होता.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की त्याने एवढी सुट्टी काढून, एवढ्या लांबून येऊन काम केलं, आणि तू नावांचं काय घेऊन बसलीस. सासूबाईंनी संध्याकाळी भाजीत मीठ कमी असल्याचं तीनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावचे एक काका आले. मुलाचं लग्न काढलेलं, आणि लग्न मुलाच्याच दारात व्हायचं होतं. ते जुन्या गटाचे, इतके की नव्या गटाच्या माणसाच्या टेम्पोत ऊससुद्धा घालत नसत. त्यांनी मजकूर तोंडी सांगितला. भावकीची नावं घडाघडा सांगितली, मामांची सांगितली, नवरीच्या नावापाशी मात्र अडखळले, थोडं आठवून मग बोलले. यादी जुन्या गटाची, हे दोनदा बजावलं. एकीकडे लाईट येत-जात होती, बाकावर दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि मला पक्कं आठवत होतं की जुना गट मी आधी केला होता, म्हणून मी प्रमुख एक उचलून चिकटवली. पहिल्या ओळीत जिल्ह्याचे बडे नेते होते, आडनावं ओळखीची होती. प्रिंट काढून काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, बराच वेळ वाचली. एका चुलत्याच्या नावापुढे 'ह.भ.प.' राहिलं होतं ते लावायला सांगितलं. मग म्हणाले, छापा.

पत्रिका वाटून झाल्या आणि चार दिवसांनी ते परत आले, बरोबर भावकीतले दोघं-तिघं. पायातली चप्पल न काढता आत आले आणि पत्रिका माझ्या कीबोर्डवर आपटली. ती नव्या गटाची यादी होती. सगळी, वरपासून खालपर्यंत.

नवरा शाळेतून येऊन ओट्यावर पाय धूत होता. आतलं ऐकून तो पाय धूतच राहिला. मला त्या दिवशी त्याचा जेवढा राग आला तेवढा काकांचाही आला नाही. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत निघून गेल्या. मी काय झालं ते सांगायला लागले, डिस्क, डॉस, नावं कापली गेली. काका ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढंच दिसत होतं की ही बाई नव्या गटाकडून किती खाऊन बसली असेल. शेवटी मीही चिडले.

"काका, तुम्ही स्वतः बोट ठेवून वाचून गेलात. तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी पत्रिका उचलून पुन्हा पाहिली. मग अगदी मनापासून म्हणाले, "मी माज्या भावकीची नावं बगितली, ताई. पुढाऱ्यांची कोन वाचतं?"

त्यावर बरोबरचा एक जण हसला आणि मग सगळ्यांनाच थोडं बसावंसं वाटलं. चहा झाला. पत्रिका परत गोळा करता येण्यासारख्या नव्हत्या, पार पाथर्डीपर्यंत गेल्या होत्या. काकांची खरी काळजी पुढेच होती. नव्या गटाच्या पुढाऱ्यालाही कुणीतरी पत्रिका पोचवली होती आणि त्याने उलट निरोप धाडला होता की आवर्जून येतो. आपला जुना वैरी आपल्याकडे वळला, असा त्याने अर्थ घेतला होता. ही बातमी जुन्या गटाकडे गेली आणि तिकडूनही निरोप आला की आम्हीही येतो, सगळे येतो. काका जाताना म्हणाले, "तुमी पन यायचं. तुमी घोळ घातलाय, तुमीच बगा काय हुतंय त्ये."

नवऱ्याला त्या दिवशी पेपर तपासायचे होते, म्हणून मी आणि सासूबाई गेलो.

त्या गावाने एवढ्या जीपगाड्या एका जागी कधी बघितल्या नसतील. शाळेच्या मैदानावर मांडव, पुढे सोफ्याची रांग, तिच्यामागे खुर्च्या, मागे सतरंज्या. जुन्या गटाची पोरं मांडवाच्या डाव्या बाजूला उभी, नव्याची उजव्या. दोन्हीकडून एकमेकांकडे असं बघणं चाललं होतं की सासूबाईंनी माझा हात धरला. मग दोन्ही पुढारी आले, थोड्या अंतराने. काकांची बायको पदर तोंडाला लावून उभी राहिली. आणि ते दोघे चुलतभाऊ एकाच सोफ्यावर शेजारी शेजारी बसले, एकाने दुसऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली, दुसऱ्याने खिशातून बडीशेपेची डबी काढून पुढे केली. मी बायकांच्या रांगेत जवळच होते. दोघांतला थोरला धाकट्याला विचारत होता, मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला का. मग त्यांच्या चुलतीच्या गुडघ्याचं बोलणं निघालं. दोघांच्या पाठीमागे उभी असलेली पोरं मात्र अजून मुठी आवळूनच होती, त्यांना बडीशेप कुणी दिली नाही.

मुहूर्त दुपारचा होता. मंगलाष्टकांआधी मान्यवरांचे आशीर्वाद. एका गटाचा एक बोलला की दुसऱ्याचा एक बोलायचा, कुणीच हार मानून खाली बसायला तयार नव्हतं. प्रत्येकाने काकांचं नाव घेतलं, हा आमचाच माणूस आहे असं सांगितलं. वधूवरांना कुणी जोडी म्हणालं, कुणी दाम्पत्य. नवऱ्यामुलाचं नाव कुणी घेतलं नाही. भटजींनी घड्याळ बघणं सोडून दिलं होतं.

ऊन सोसेना म्हणून मी शाळेच्या वर्गात गेले. तिथे नवरी बसली होती, मुंडावळ्या बांधून, सकाळपासून उपाशी. तिच्या करवल्या खिडकीत लटकून बाहेर बघत होत्या. तिने मला विचारलं की आता कोण बोलतंय. मी सांगितलं. मग तिने विचारलं की तुम्ही पत्रिकावाल्या ना. मला वाटलं, आता हिचंही ऐकावं लागणार. पण ती आवाज न चढवता म्हणाली, "पत्रिकेत माजं नाव चुकलंय, ताई. माज्या नावाच्या जागी दुसरंच हाय."

मला काकांचं ते अडखळणं आठवलं. ते नाव मी कापलं नव्हतं, दिराच्या डॉसनेही नाही. तिच्या सासऱ्याने, म्हणजे काकांनी, सांगितलं तेच मी टाइप केलं होतं. चार दिवस त्या पत्रिकेवरून अख्खा तालुका ढवळून निघाला, ओळ न् ओळ वाचली गेली, आणि हे कुणाच्या नजरेला आलं नाही. मी तिला विचारलं की तू कुणाला सांगितलं नाहीस का.

"आईला सांगितलं," ती म्हणाली. "ती म्हनली, ऱ्हाऊ दे, तसंबी उद्या नाव बदलायचंच हाय."

 माझंही बदललं होतं, तांदळात अंगठीने लिहून, सगळ्यांदेखत. मी बाहेर जाऊन ताटातला एक लाडू पदराखाली घालून आणला आणि तिला दिला. तिने दोन घासांत संपवला आणि हातानेच ओठ पुसले. उन्हं कलल्यावर तिचं लग्न लागलं. अक्षता टाकताना पुढाऱ्यांच्या रांगेत कुणीच नव्हतं, सगळे जेवायला उठले होते.

काकांचं मात्र त्या दिवसापासून वजन वाढलं. दोन्ही गट त्यांना धरून होते. रस्त्यात दोन्हीकडच्या जीपा थांबून विचारायच्या, काय म्हणता. ते माझ्याशीही गोड बोलायला लागले, वाणोळा म्हणून हरभऱ्याची डाळ पाठवली. पुढच्या निवडणुकीत दोन्ही गटांनी त्यांना उमेदवारी द्यायचं कबूल केलं आणि दोघांनीही दिली नाही. दिराला मी ही सगळी हकिकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, म्हणजे माझ्यामुळे फायदाच झाला की त्यांचा. सासूबाईंनी ते गल्लीत जसंच्या तसं सांगितलं.

काकांचा धाकटा मुलगा लग्नाचा झाला तेव्हा ते पुन्हा माझ्याकडेच आले. मधल्या काळात तालुक्यात तिसरा गट निघाला होता, नव्याच्या पुढाऱ्याचाच एक भाचा वेगळा झालेला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणती यादी लावू.

"तिन्ही लावा," काका म्हणाले.

मी सांगितलं की तिन्ही लावल्या तर पत्रिका चार पानी होईल, आणि तरीही मजकूर दाटेल. त्यांनी चष्मा काढून पुसला, विचार केला.

"मग नवरा-नवरीचं जरा बारीक टाका की."

मी टाकलं. बाकावर पुढचं गिऱ्हाईक बसलं होतं, आणि लाईट जायच्या आत मला त्याचीही प्रिंट काढायची होती.